मूठभर तांदूळ आणि एक उभी गाडी

आमच्या संस्थेच्या आवारात फणसाच्या झाडाखाली एक पांढरी गाडी उभी आहे. सतरा आसनांची, मागच्या बाजूला व्हीलचेअर अलगद वर उचलून घेणारी लिफ्ट, आत पट्टे, रबरी जमीन, सगळे एकदम झकास. जून लागला की तिच्यावर फणसाची पाने पडून कुजतात, काचेच्या कडेने शेवाळ धरते. दोन्ही बाजूंना निळ्या ठसठशीत अक्षरांत देणाऱ्या फाउंडेशनचे नाव आहे. तेवढे मात्र आम्ही नेमाने पुसतो. दर तीन महिन्यांनी फोटो पाठवावा लागतो आणि त्यात नाव स्पष्ट दिसावे अशी अट आहे.

गाडी चालत नाही, असे नाही. किल्ली फिरवली की पहिल्या झटक्याला सुरू होते. तिला ड्रायव्हर नाही, एवढेच.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. बँकेत पस्तीस वर्षे घालवून निवृत्त झालो आणि महिन्याभरात शेजारच्या मास्तरांनी मला या संस्थेचा खजिनदार करून टाकले. 'तुला आकडे कळतात' एवढीच माझी पात्रता. संस्था छोटी आहे. विशेष मुलांसाठीचे दिवसभराचे केंद्र, तीस-बत्तीस मुले, काही आता मुले राहिलेली नाहीत, चांगली मिशा फुटलेली आहेत. खजिनदार झाल्यावर माझ्या आयुष्यात एक नवी भाषा शिरली. प्रपोजल, बारा-ए, ऐंशी-जी, युटिलायझेशन सर्टिफिकेट, इम्पॅक्ट, लाभार्थी. यातला 'लाभार्थी' हा शब्द मला सगळ्यात जास्त खुपतो. आमच्या केंद्रात एक मुलगा आहे, त्याला माणसांची नावे विचारायचा नाद आहे. फाउंडेशनचे अधिकारी पाहणीला आले तेव्हा त्यांनी आमच्या बाईंना विचारले, 'टोटल बेनिफिशियरी किती?' बाई उत्तर देणार तोच हा पुढे झाला आणि म्हणाला, 'तुजें नांव कितें?' अधिकारी हसले, त्याच्या डोक्यावर थोपटले आणि आकडा लिहून घेतला. नाव काही सांगितले नाही. तो दिवसभर ते नाव विचारत राहिला, गाडी गेल्यावरसुद्धा.

तर गाडीची गोष्ट. प्रपोजलमध्ये आम्ही गाडी, डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार असे तिन्ही मागितले होते. मंजूर झाली गाडी, तिचे रजिस्ट्रेशन, विमा आणि दोन वर्षांची देखभाल. ड्रायव्हर आणि डिझेल कापले. पत्रात कारण दिले होते की वारंवार येणारा खर्च त्यांच्या धोरणात बसत नाही. मी बँकेतला माणूस, मला ते पहिल्या वाचनात पटलेसुद्धा. एकदाच द्यायचा पैसा देऊन मोकळे होता येते, पगार म्हणजे जन्माची बांधिलकी. पण मग ही गाडी नक्की कोणाला दिली? मुलांना की फोटोला?

सहा महिने एका पालकाने फुकट चालवली. मग त्याला काम लागले.

या गाडीकडे पाहताना मला माझ्या आजीची मडकी आठवते. चुलीपासून हातभर अंतरावर एक काळी मडकी असायची. भात रांधायला तांदूळ काढले की धुण्याआधी आजी त्यातली एक मूठ त्या मडकीत टाकायची. रोज. घरात पाहुणे असोत, तांदूळ संपत आलेले असोत, मूठ चुकायची नाही. तिच्या लहानपणी गावात मराठी शाळा भरे ती देवळाच्या अग्रशाळेत, आणि मास्तरांचा शिधा गावातून जाई. ती सवय. मास्तर गेले, शाळा सरकारी झाली, मडकी राहिली. पुढे तिच्यातले तांदूळ सप्ताहाला जाऊ लागले.

पणजीत याच मुठीवर एक अख्खी संस्था उभी राहिली. १९०८ साली सुरू झालेली मुष्टिफंड. आज तिथून शिकून गेलेल्या कित्येकांना नावाचा अर्थ विचारला तर ते अडखळतात. घराघरातून मूठ मूठ तांदूळ गोळा करायचे, ते विकायचे, त्या पैशांतून मराठी शाळा चालवायची. १९०८ म्हणजे काय काळ होता हे जरा डोळ्यांसमोर आणा. पोर्तुगालमध्ये अजून राजा होता. १९१० साली तिथे प्रजासत्ताक आले आणि त्यानंतर कुठे गोव्यातल्या हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीचे हक्क मिळाले, सरकारी नोकरीची दारे उघडली. म्हणजे ज्यांना राज्यकर्ता मोजत नव्हता, ते आपले तांदूळ मोजत होते. मडगावचे गोमंत विद्या निकेतन १९१२ चे. मुंबईत पोट भरायला गेलेल्या गोवेकरांनी १९१९ मध्ये गोवा हिंदू असोसिएशन काढली. मराठी नाटकवाल्यांना तिचे नाव रंगभूमीमुळे माहीत असते, आमच्या फोंडा भागात ते बांदोड्याच्या स्नेहमंदिरामुळे माहीत आहे. म्हाताऱ्या माणसांचे ते घर याच असोसिएशनचे. नाटकवाल्यांनी वृद्धाश्रम काढावा, हे मला फार आवडते.

आता कोणी म्हणेल, हा जुन्या काळाचा उमाळा. मला तसे काही म्हणायचे नाही. गोव्यात जुने दान पाहायला गेलात तर अंगावर काटा आणणारीही पाने सापडतात. लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लिओनोरच्या पुढाकाराने मिझेरिकॉर्दिया नावाची धर्मादाय संस्था निघाली. तिची शाखा लवकरच जुन्या गोव्यात आली. आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांना अन्न, विधवा आणि अनाथ मुलींना आसरा, बेवारस प्रेताला मूठमाती. कामे पाहिली तर नावे ठेवायला जागा नाही. पण त्याच शतकात, १५५९ साली, हिंदू अनाथ मुलांना पाद्र्यांच्या स्वाधीन करून बाप्तिस्मा द्यायचा राजाचा हुकूमही निघाला. अनाथाला आधार, पण आधाराची किंमत नाव आणि देव. आमच्याकडे जुनी माणसे कोणी बाहेरचा फुकट काही द्यायला आला की आधी विचारत, 'दिता तो कोण?' त्या प्रश्नाला साडेचारशे वर्षांची मुळे आहेत. त्यांना मी अडाणी म्हणणार नाही.

आणि तरीही, चित्र एकरंगी नाही. मडगावचे हॉस्पिसियो घ्या. १८६७ साली पाद्री मिरांडा यांनी गोरगरिबांसाठी सुरू केलेले. पुढे ते सरकारी झाले, दक्षिण गोव्याचे जिल्हा इस्पितळ झाले, आणि सासष्टी-केपे-काणकोणच्या किती पिढ्या, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, त्या एका नावाने बऱ्या झाल्या. आजही म्हाताऱ्या बायका 'जिल्हा इस्पितळ' म्हणत नाहीत, 'हॉस्पिसींत व्हेला' म्हणतात. पणजीतली सार्वजनिक साहाय्य संस्था, जी सरकारतर्फे वृद्धाश्रम चालवते, तिलाही लोक अजून प्रोव्हेदोरियाच म्हणतात. दानाने सुरू झालेले काम शेवटी राज्याच्या अंगावर आले, ते या दोन नावांत दिसते.

पैसेवाल्या फाउंडेशनांचे काम मी जवळून पाहिले ते आधी दगडांत. पणजीच्या फोंतायनांत फुंदासांव ओरिएंतचे घर आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली लिस्बनची ही संस्था गोव्यात १९९५ पासून आहे. जुन्या गोव्यातले डोंगरमाथ्यावरचे मोंतीचे कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनाघर, तिने दुरुस्त करून दिले, तिथे संध्याकाळी संगीत ऐकत मांडवीवर उतरणारा सूर्य पाहणे हा अनुभव मी नाकारणार नाही. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उभारायला लिस्बनच्याच गुल्बेंकियान फाउंडेशनचा हात लागला. कालुस्त गुल्बेंकियान हा आर्मेनियन तेलवाला; तेलाच्या करारांतले पाच टक्के स्वतःकडे राखून 'पाच टक्केवाला' म्हणून ओळखला गेला आणि त्या टक्क्यांतून १९५६ साली फाउंडेशन निघाले. इराकच्या तेलाने जुन्या गोव्यातल्या मूर्तींना छप्पर. पैशाच्या वाटा अशा अजब असतात. मला एवढेच वाटते की दगडांना दाते लवकर मिळतात. दगडाला पगार लागत नाही.

पगाराला पैसे देणारे फाउंडेशनही असते, आणि त्याने काय होऊ शकते हे गोव्यातच दिसले.

माझी एक मावशी बार्देशात दिलेली. काका गेल्यावर दोनेक वर्षांनी तिने खाणे सोडले. सोडले म्हणजे उपास नव्हे, ताटावर बसायची आणि उठायची. 'न्हीद पडना, आंगात त्राण ना' हे तिचे पालुपद. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ती टॉनिकच्या बाटल्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या आणायची. खिडकीत बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. एकदा तिथे तिला डॉक्टरच्या खोलीशेजारी टेबल मांडून बसलेली एक मुलगी भेटली. नर्स नव्हे, डॉक्टर नव्हे, शेजारच्या वाड्यावरची असावी अशी. तिने रक्तदाब घेतला नाही, काही लिहून दिले नाही. विचारले, 'काका आशिल्ले तेन्ना सांजेची कितें करताली?' मावशी संध्याकाळी जाईच्या कळ्यांचे गजरे करायची, काका ते म्हापशाला विकायला नेत. वेल अजून परसात होता, कळ्या रोज गळून जात होत्या. चार-पाच वेळा मावशी त्या मुलीशी बोलायला गेली. तिसऱ्या खेपेला गजरा घेऊन गेली. हे मी पाहिले नाही, तिने सांगितले. पण खिडकीतल्या बाटल्या कमी झालेल्या मी पाहिल्या.

अशी मुलगी केंद्रात बसवायची ही कल्पना गोव्यात नीट तोलून, मापून पाहिली गेली. १९९६ मध्ये डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संगत या संस्थेने 'मानस' नावाचा प्रयोग केला. मनशांती सुधार शोध, त्याचे ते लघुरूप. पैसा वेलकम ट्रस्टचा. हेन्री वेलकम हा मूळचा अमेरिकन औषधवाला. १९३६ मध्ये वारला तेव्हा मृत्युपत्रात कंपनीचे भाग एका न्यासाच्या नावे करून गेला, त्याच्या उत्पन्नातून जगभर आरोग्यावरचे संशोधन चालते. गोव्यात चोवीस दवाखाने निवडले, बारा सरकारी आणि बारा खासगी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन भाग केले. निम्म्या ठिकाणी मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशक बसल्या. पावणेतीन हजारांहून जास्त रुग्ण त्यात होते. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. सरकारी केंद्रांत, जिथे समुपदेशक होती तिथे, उदासीनता किंवा चिंतेच्या विकाराचे सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले होते. जिथे नव्हती तिथे सुमारे ४२ टक्के. पुढे अशाच धर्तीवर नैराश्यासाठी आणि दारू सोडवण्यासाठी वेगवेगळ्या पद्धती तयार झाल्या, त्यांचे निकालही छापले गेले आणि इतर देशांनी उचलले.

मला यातला दुसरा निकाल जास्त बोलका वाटतो, जो बातम्यांत फारसा येत नाही. खासगी दवाखान्यांत समुपदेशक असल्या-नसल्याने फरक दिसला नाही. माझा अंदाज साधा आहे. आपल्याकडे खासगी डॉक्टर म्हणजे बापाच्या वेळेपासूनचा, 'कितें गो, चली कशी आसा?' विचारणारा. त्याचे अर्धे औषध तेच. सरकारी केंद्रात डॉक्टर बदलतो, रांग मोठी असते, विचारायला कोणाला उसंत नसते. जिथे विचारणारे कोणी नव्हते तिथेच विचारणाऱ्या मुलीचा गुण आला. म्हणजे लंडनच्या न्यासाचा पैसा फळला तो गोवा सरकारच्या इमारतीत, सरकारच्या रांगेत, सरकारी केसपेपर हातात घेऊन उभ्या असलेल्या बायकांपाशी. ते केंद्र आधीपासून नसते तर टेबल कुठे मांडले असते?

आमच्या गाडीचेही हेच. मुले केंद्रात आणायची जबाबदारी कोणाची? २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो, शिक्षण हा हक्क म्हणतो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला महोत्सव, पर्पल फेस्ट, झाला, आमची मुले त्याला नेली होती. भाड्याच्या बसमधून, उचलून चढवत. त्या गर्दीत आमच्या नावे विचारणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच सगळ्यांनी नाव सांगितले, कोणी खुणांनी, कोणी बोटांनी हातावर लिहून. तो परतीच्या वाटेवर गप्प होता. इतकी नावे त्याला पेलली नसावीत.

लोकशाहीसाठी कोणी पैसा द्यावा का, यावर आमच्या कट्ट्यावर वाद होतो. कट्टा म्हणजे बाजारातले भाजीपावचे हॉटेल. मी तिथे एकदा उमेदवारांची शपथपत्रे मोबाइलवर उघडून दाखवली. मालमत्ता किती, कर्ज किती, गुन्हे कुठले, सगळे आहे. हे असे बघता येते ते कोणा पक्षाच्या कृपेने नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स काढली, दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने मतदाराला उमेदवाराची माहिती मिळण्याचा हक्क मानला. संसदेने कायदा बदलून ते पातळ करायचा प्रयत्न केला, तोही न्यायालयाने मार्च २००३ मध्ये मोडून काढला. निवडणूक रोखेही याच संस्थेच्या अर्जावरून १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द झाले. अशा कामाला कोणीतरी खोलीचे भाडे देतो, कोणीतरी शपथपत्रे एकेक करून उतरवून घेणाऱ्या पोरांना पगार देतो, तेव्हा ते चालते. फीत कापायला काही नसते. फोटो निघत नाही.

कट्ट्यावर सगळ्यांनी आकडे वाचले, 'बाबा रे!' म्हटले, आणि मग एकजण म्हणाला, 'पूण म्हजे मांयच्या मरणाक तो आयिल्लो.' गोव्याची विधानसभा चाळीस जणांची. मतदारसंघात सरासरी तीस हजारही मतदार नाहीत. उमेदवार बारशाला येतो, बाराव्याला येतो, इस्पितळात खाट मिळवून देतो. त्याच्या शपथपत्राने काही होते का? कधी होते, बहुतेकदा नाही. तरी ते मोबाइलवर उघडते याचे मला समाधान आहे. मतांनी काय उलथते ते याच भूमीने १९६३ च्या डिसेंबरात, पहिल्या निवडणुकीत, पाहिलेय. ज्या कलावंत समाजाला देवळाच्या पायरीशी बांधून ठेवले होते त्याने स्वतःच गोमंतक मराठा समाज ही संस्था उभारली, मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या, मुलींना शिकवले. आणि त्याच समाजातून आलेले दानशूर खाणमालक भाऊसाहेब बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. आधी शाळांना देणगी देणारा माणूस मग गावोगाव सरकारी शाळा काढणारा माणूस झाला. खाणीचा पैसा होता, हेही खरेच.

खाणीवरून आठवले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा माझ्या धाकट्या भावाचा ट्रक आमच्या दारात उभा राहिला. हप्ते चालू, चाके बंद. त्या दोन वर्षांत घरात जी भांडणे झाली ती लिहीत नाही. मी बँकेत बसून दुसऱ्यांच्या ट्रकांच्या थकबाकीच्या नोटिसांवर सह्या करत होतो, आणि संध्याकाळी घरी येऊन भावाच्या समोर जेवत होतो. म्हापशाच्या गोवा फाउंडेशनने केलेल्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. नावात फाउंडेशन, पण वाटायला तिजोरी नाही. १९८६ पासून कागद आणि कोर्ट हेच काम. त्या निकालात एक ओळ होती जिच्याकडे तेव्हा आम्ही कोणी नीट पाहिले नाही. खनिजाच्या विक्रीच्या रकमेतून दहा टक्के एका कायमच्या निधीत टाकायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. गोवा लोहखनिज कायमस्वरूपी निधी. बऱ्याच वर्षांनी ती वाचताना मला एकदम चुलीजवळची काळी मडकी दिसली. रांधण्याआधी काढून ठेवलेली मूठ. भावाला हे सांगितले तर तो म्हणाला, 'मडकेंत घालपाक घरांत तांदूळ जाय.' जाय म्हणजे हवेत. तेही खोटे नाही.

कायद्याच्या एका गमतीबद्दल सांगतो आणि मग गाडीकडे परत येतो. आमच्या शेजारचा एक मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे. तिथे आमच्याकडचे पुष्कळ आहेत. लहानपणी याच मुलांसोबत खेळलेला, त्याची सख्खी चुलत बहीण आमच्या केंद्रात येते. त्याने दोनशे पौंड पाठवतो म्हणून फोन केला. मी विचारले, 'पासपोर्ट कुठला?' म्हणाला, 'पोर्तुगीज.' संपले. पासपोर्ट बदलला त्या दिवशी तो कायद्याने परदेशी झाला, त्याची देणगी परदेशी देणगी झाली, आणि आमच्याकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाही. नोंदणी केली तरी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेत खाते उघडा, कारभाराचा खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवा, पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. २०२० पासून हे नियम आहेत. 'दिता तो कोण?' हा प्रश्न सरकारने विचारावा, यात मला गैर वाटत नाही, मघाशीच सांगितले. पण बहिणीला मदत करणारा भाऊ आणि कुठला तरी अदृश्य हात यांना एकाच चाळणीत घातले की चाळणीत भाऊच अडकतो. त्याचे दोनशे पौंड आले नाहीत. गणपतीला आला तेव्हा त्याने मुलांना स्वतः लाडू वाटले. त्याची पावती लागत नाही.

देशातल्या कंपन्यांचा पैसा मात्र आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, आमची गाडी त्यातूनच आली. चांगली तरतूद आहे. पण दोन टक्के वर्षाच्या आत जायचे असतात, त्यामुळे मार्चच्या आधी आम्हाला फार प्रेमाचे फोन येतात. एप्रिलमध्ये आम्हीच करतो.

तर गेल्या महिन्यात पालकांची सभा घेतली. ड्रायव्हरचा पगार कसा उभा करायचा हा एकच विषय. मी मडकीची गोष्ट सांगितली, मुष्टिफंडाची सांगितली, थोडा भावनावशही झालो असेन. दर घराने महिन्याला जमेल तसे द्यावे असा ठराव झाला. कोणी पन्नास, कोणी दोनशे. एकजण म्हणाले, पंचायतीला ग्रामसभेत विचारू, निम्मा पगार त्यांनी द्यावा. तेही लिहून घेतले. नाव विचारणाऱ्या मुलाची आई मासळी विकते. तिने पिशवीतून वीस रुपये काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, 'हिशेब दाखयात.'

मी गेल्या वर्षाचा ताळेबंद पुढे केला. तिने तो जवळच्या मुलीकडून वाचून घेतला. बोट एका ओळीवर थांबले. गाडी देखभाल, चार टायर.

'भाई,' ती म्हणाली, 'गाडी उबी. मागीर टायर कशे सोंपले?'

सभेत कोणी हसले नाही. फाउंडेशनचे दोन अधिकारी, त्यांचे ऑडिटर, आमचे ऑडिटर, सगळ्यांच्या नजरेखालून ती ओळ गेली होती. पावती होती, रक्कम जुळत होती, हेड बरोबर होते. टायर झिजलेले नव्हतेच. देखभालीच्या हेडखाली पैसे उरले होते, ३१ मार्चच्या आत खर्च केले नाहीत तर परत करावे लागणार होते, आणि परत केले की पुढच्या वर्षी तितके कमी मिळतात हे मला बँकेतल्या अनुभवाने ठाऊक होते. म्हणून मी टायर घेतले. जुने चारही टायर स्टोअररूममध्ये आहेत, त्यांच्यावरचे रबराचे केससुद्धा अजून गेलेले नाहीत.

मी म्हटले, 'पुढच्या सभेत सांगतो.'

ती सभा या रविवारी आहे. काल स्टोअररूम उघडून ते टायर बाहेर काढले आणि भिंतीला टेकवून ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. म्हापशाचा एक टायरवाला ते विकत घ्यायला तयार आहे. किती देणार ते विचारून ठेवले आहे. वहीत लिहिले आहे.